घरच्यांना कमी वेळ चालतो, बेभरवसा चालत नाही

हिंजवडीत नाहीतर ऐरोलीत नोकरी, क्लायंट अमेरिकेत, जोडीदार बँकेत किंवा शाळेत, मुलं प्राथमिक वर्गात आणि आईवडील गावी. हा लेख अशा घराला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. वेळेच्या नियोजनाचे बहुतेक सल्ले एकट्या माणसासाठी असतात: पहाटे पाचला उठा, पंचवीस मिनिटांचे तुकडे पाडा, ईमेल दिवसातून दोनदाच बघा. त्याने काम उरकतं, यात वाद नाही. पण वाचलेला तास घरी पोचत नाही. त्यात दुसरं काम येऊन बसतं, कारण कामासाठी मागे लागणारं कोणीतरी कायम असतं. घरचं माणूस मात्र मागून मागून एक दिवस मागायचंच थांबतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की घरात जी कुरबुर होते ती तास कमी पडल्यामुळे क्वचितच होते. ती होते तुमचा भरवसा नसल्यामुळे. रोज रात्री दहाला येणाऱ्या माणसाभोवती घर आपली घडी बसवून घेतं. 'आठला येतो' म्हणून कधी साडेआठला, कधी साडेदहाला येणाऱ्याभोवती कसलीच घडी बसत नाही. म्हणून खालच्या पायऱ्यांचा रोख वेळ वाढवण्यावर कमी आणि दिलेली वेळ पाळता येण्यावर जास्त आहे.

पायरी पहिली: मोडलेले शब्द मोजा

पंधरा दिवस एक छोटी वही खिशात ठेवा, नाहीतर फोनमधल्या नोट्स वापरा. कुठल्या कामाला किती तास गेले हे लिहायची गरज नाही. घरी कोणालाही वेळ सांगितली की फक्त तीन गोष्टी लिहायच्या: काय सांगितलं, प्रत्यक्षात किती वाजता झालं, कुठे अडलं. 'सातला निघतो. सात पन्नास. शेवटचा कॉल लांबला, मग पार्किंगमध्ये दोघांशी बोलत उभा राहिलो.' एवढं पुरे.

पंधरा दिवसांनी वही वाचली की बहुतेकांना दिसतं की अडण्याच्या जागा दोन-तीनच आहेत आणि त्याच पुन्हा पुन्हा येतात. एखादा ठरलेला संध्याकाळचा कॉल, जो कधीच वेळेत संपत नाही. निघायच्या आधी 'एवढं एक मेल टाकतो' म्हणून उघडलेला लॅपटॉप. हिंजवडीसारख्या ठिकाणी तर दहा मिनिटं उशिरा निघालं की रस्त्यावर त्याची किती होतात हे सांगायला नको. सगळं आयुष्य सुधारायला जाऊ नका. या दोन-तीन जागा पकडा.

त्याच वेळी जोडीदाराला एक प्रश्न विचारा: 'या पंधरा दिवसांत माझ्यामुळे तुझं काय काय अडलं?' उत्तर मिळत असताना खुलासा करायचा नाही, हे अवघड आहे पण करा. उत्तर अनेकदा अनपेक्षित असतं. तुम्हाला वाटतं तक्रार रात्री अकराच्या कॉलची असेल. ती असते कणकेची: तू जेवायला आहेस की नाही हे आठपर्यंत कळत नाही, मग कणीक तिघांची भिजवू की चौघांची? आणि ही गोष्ट सहा वाजता केलेल्या एका मेसेजने सुटते.

पायरी दुसरी: घरात किती घड्याळं चालतात ते बघा

अमेरिकेशी काम करणाऱ्यांच्या घरात वर्षातून दोनदा एक विचित्र गोष्ट घडते, आणि ती कोणी आधी सांगून ठेवत नाही. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात आणि तोच कॉल आपल्याकडे साडेसातला येतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तो पुन्हा साडेसहावर. कॅलिफोर्नियाचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. इंग्लंडचं घड्याळ वेगळ्याच तारखांना हलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे अमेरिकेच्या कॉलपुरतं बोलायचं तर जेवणाची वेळ सुमारे आठ महिने कॉल संपल्यावर असते आणि उरलेले महिने ऐन कॉलच्या मध्यात. मुलांची झोपायची वेळ काही हलत नाही. मग नोव्हेंबरात घरात चिडचिड का वाढली, हे कोणाला उमगत नाही.

म्हणून वेळापत्रकं दोन करा, एक उन्हाळी आणि एक हिवाळी. आणि कॉलचं निमंत्रण कोणत्या घड्याळाला बांधलेलं आहे ते तपासा. तिकडच्या वेळेने केलेलं असेल तर हिवाळ्यात तुम्ही हलता, भारतीय वेळेने केलेलं असेल तर ते हलतात. आठवड्यातल्या पाच कॉलपैकी दोन भारतीय वेळेला बांधून मागायला हरकत नाही. आपल्या साडेसहाला हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये सकाळचे आठ वाजलेले असतात. तिकडच्या लोकांना ते अशक्य नसतं, फक्त कोणी मागितलेलं नसतं. विचारायचं ऑक्टोबरात. नोव्हेंबर उजाडला की सगळ्यांची कॅलेंडरं भरलेली असतात.

सुट्ट्यांचंही तसंच. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. बँकांना सप्टेंबर २०१५ पासून फक्त दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी. पिंपरी-चिंचवडकडच्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. शाळा शनिवारी अर्धी. नवरा कारखान्यात आणि बायको बँकेत असेल तर दोघांना मिळून एकही हक्काचा वार नसतो, आणि तरी दोघं एकमेकांना 'तुला वेळच नसतो' म्हणत राहतात. महिन्यातले जे दोन-तीन दिवस खरोखर सगळ्यांचे सामाईक आहेत ते आधी शोधा. त्या दिवशी गाडीचं सर्व्हिसिंग आणि दिवाणाखालची साफसफाई काढू नका.

पायरी तिसरी: सकाळ आपली असते

घरासाठी वेळ म्हटलं की सगळे संध्याकाळ धरून बसतात. अमेरिकेबरोबर काम करणाऱ्याने तर संध्याकाळवर भरवसा ठेवूच नये. संध्याकाळ हा त्याच्या दिवसातला सर्वांत जास्त हक्कदार असलेला भाग आहे. सकाळी सहा ते नऊ मात्र न्यूयॉर्कमध्ये रात्र असते, मॅनेजरचं ऑफिस सुटलेलं असतं आणि उशिरा येणारं मेलही दुपारी बघितलं तर चालतं. नात्यांचा महत्त्वाचा वेळ इथे आणा.

रात्रीच्या जेवणाऐवजी सकाळचा नाश्ता एकत्र करा. मुलीला बसस्टॉपवर सोडायला रोज तुम्हीच जा, आणि बस येईपर्यंतची पंधरा मिनिटं फोन घरी ठेवा. मुलं समोरासमोर बसून 'आज शाळेत काय झालं' या प्रश्नाला 'काही नाही' म्हणतात. शेजारी उभं राहून रस्त्याकडे बघत असताना मात्र बाईंनी कोणाला उभं केलं इथपासून कोणाशी कट्टी आहे इथपर्यंत सगळं निघतं. जोडीदारासाठी मुलं उठायच्या आधीचा चहा. पहिला कप ओट्यापाशी उभ्याने पिऊन डबे भरायला लागायच्या ऐवजी दहा मिनिटं खाली बसायचं, बस्स.

यासाठी रात्री लवकर झोपावं लागेल, हे खरं आहे. कॉल संपल्यावर डोकं तापलेलं असतं म्हणून अर्धा-पाऊण तास रील बघण्यात जातो. त्याची किंमत सकाळ मोजते. कॉल साडेअकराला संपत असेल तर सहाला उठायचा हट्ट करू नका, साडेसातचा बसस्टॉप तेवढा पकडा.

पायरी चौथी: रविवारची वीस मिनिटं

जागा स्वयंपाकघर, साधन भिंतीवरचं कालनिर्णय. त्यावर दुधाचे खाडे असतातच, सिलिंडर लावल्याची तारीख असते, कामवाल्या मावशींच्या दांड्या असतात. घराचा कारभार तिथून चालतो, मग तुमच्या वेळाही तिथेच लिहिल्या जायला हव्यात. फोनमधलं कॅलेंडर ज्याचं त्यालाच दिसतं. भिंतीवरचं सासूबाईंना दिसतं आणि दुसरीतल्या मुलालाही वाचता येतं. 'बुधवारी बाबा' असं तारखेच्या चौकोनात लिहिलेलं मूल रोज जाता-येता वाचतं, म्हणून ते पाळावंही लागतं.

लिहिण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी ज्या गोष्टींची वेळ दुसऱ्याने ठरवली आहे त्या: पालकसभा, लस, बारसं, सोसायटीची मीटिंग, कोणाचं हळदीकुंकू. मग घराच्या ठरलेल्या वेळा: मुलांची रोजची, दोघांची आठवड्यातून एक, आईवडिलांच्या फोनची एक. सगळ्यात शेवटी ऑफिसचे उशिराचे दिवस. ते लपवू नका. मंगळवारी आणि गुरुवारी रात्री साडेदहापर्यंत मी नाही, हे रविवारीच सांगितलं की मंगळवारी कोणी रुसत नाही. नंतर दोघांनी आपापल्या ऑफिसच्या कॅलेंडरवर त्याच वेळा 'व्यस्त' म्हणून टाकायच्या, तिथल्या तिथे. 'नंतर टाकतो' म्हटलं की सोमवारी सकाळी कोणीतरी तिथे मीटिंग लावतं.

या वीस मिनिटांत पैसे, मुलाचे मार्क आणि एकमेकांचे नातेवाईक हे विषय काढायचे नाहीत. ते काढले की पुढच्या रविवारी दोघांनाही दुसरं काहीतरी काम निघतं.

एक सावधगिरी. ठरलेली वेळ म्हणजे बाकीच्या वेळी दार बंद, असा अर्थ कोणी काढू नये. जोडीदाराला सोमवारी रात्री रडू आलं तर ते बुधवारच्या चौकोनापर्यंत थांबत नाही.

पायरी पाचवी: ऑफिसकडून वेळ मागायची कशी

आपल्याकडे लोक 'जरा घरचं काम होतं' असं पुटपुटतात आणि निघतात. त्याने दोन्हीकडे वाईट दिसतं. मागताना वेळ नेमकी सांगा, कारण सांगू नका, आणि तुमच्यामागे काय सोय केली आहे ते सांगा. असं: 'बुधवारी संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ मी उपलब्ध नसेन. त्या दिवशीचं अपडेट सहापर्यंत लिहून पाठवतो. काही पेटलं तर दोनदा फोन करा, उचलेन.' सुरुवात एकाच संध्याकाळपासून करा. एका दमात तीन मागणारा माणूस एकही मिळवत नाही.

तुम्ही टीम लीड असाल तर याहून चांगलं करता येतं. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या लेस्ली पर्लो आणि त्यांच्या सहकारी जेसिका पोर्टर यांनी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपमध्ये एक प्रयोग केला आणि २००९ साली तो प्रसिद्ध केला. सल्लागारांच्या टीममध्ये प्रत्येकाला आठवड्यातून एक संध्याकाळ सक्तीने मोकळी, सहानंतर फोन नाही, मेल नाही. ती कोणती हे आधीच ठरलेलं. काम ऐन भरात आलं म्हणून ती रद्द करायची नाही. बाकीच्यांनी सांभाळून घ्यायचं आणि आठवड्यातून एकदा एकत्र बसून हे कसं चाललंय ते बोलायचं. काम बिघडलं नाही, उलट टीममध्ये कोणाचं काय चाललंय हे एकमेकांना जास्त कळू लागलं. पाच जणांच्या टीमला पाच संध्याकाळ आहेत, प्रत्येकी एक वाटून द्या. एकट्याने मागितलेली सवलत डोळ्यांवर येते, पाळीने आलेली येत नाही.

दोन बारीक सेटिंगही करून टाका. मीटिंग अर्ध्या तासाऐवजी पंचवीस मिनिटांची लागेल असा पर्याय गूगल कॅलेंडरमध्ये आणि आउटलुकमध्ये असतो. लांबणारे कॉल सगळे थांबत नाहीत, पण एकामागून एक साखळी लागून उशीर होतो तो कमी होतो. आणि रात्री सुचलेलं मेल सकाळी जाईल असं शेड्यूल करा. तुमचं रात्री अकराचं मेल हाताखालच्या कोणाच्या तरी घरात वाजत असतं.

पायरी सहावी: लॅपटॉप मिटण्याआधीच्या दोन ओळी

शरीराने घरी आणि मनाने ऑफिसच्या कामात, हा अनुभव सगळ्यांचा आहे. सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी २००९ साली दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसरीकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्याच कामापाशी रेंगाळत राहतो. २०१८ मध्ये त्यांनी थेरेसा ग्लॉम्ब यांच्याबरोबर त्यावर एक साधा उपाय तपासला: उठण्यापूर्वी 'मी कुठे थांबलो' आणि 'परत आल्यावर पहिलं काय करायचं' हे लिहून ठेवायचं. याचा उपयोग होतो. दोन ओळी कागदावर लिहा, लॅपटॉपवर चिकटवा आणि मग तो बंद करा. घरूनच काम करत असाल आणि घर वन रूम किचन असेल, तर लॅपटॉप बॅगेत घालून बॅगेची चेन लावा. टीपॉयवर उघडा पडलेला लॅपटॉप माणसाला ओढून घेतोच.

फोनचं म्हणाल तर व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप रात्री नऊला आठ तासांसाठी म्यूट केला की पहाटे पाचपर्यंत शांतता असते. 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये आईवडील, जोडीदार आणि रात्री ऑफिसचा फोन घ्यायची पाळी तुमची (ऑन-कॉल) असेल तर तो एक नंबर एवढेच अपवाद ठेवा. सोसायटीचा ग्रुप कायमचा म्यूट करा. पार्किंगवरचं भांडण तुमच्यावाचूनही पार पडतं.

पायरी सातवी: 'मदत' देऊ नका, खातं घ्या

सांख्यिकी मंत्रालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात देशात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात असं दिसलं. पुरुषांची ८८. २०१९ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २९९ आणि ९७ होते, म्हणजे पाच वर्षांत पुरुषांचा वाटा काही वाढला नाही. हा मुद्दा नात्यांच्या लेखात आणायचं कारण असं की दोघांसाठी म्हणून काढलेला अर्धा तास पुष्कळ घरांत 'गॅस बुक केलास का, बिल भरलंस का' यातच संपतो.

घरकामाचा अभ्यास करणाऱ्या अ‍ॅलिसन डेमिंगर यांनी २०१९ मध्ये न दिसणाऱ्या कामाचे चार भाग पाडले: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं, आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. आपल्याकडे नवरा 'सांग ना, करतो' म्हणतो तेव्हा हे चारही भाग बायकोकडेच राहतात. त्याच्याकडे फक्त हमाली येते. म्हणून एखादं खातं संपूर्ण घ्या. डबा घेतलात तर उद्या काय द्यायचं हे ठरवण्यापासून भाजी आणणं, भरणं, संध्याकाळी दप्तरातून डबा काढून घासायला टाकणं इथपर्यंत सगळं तुमचं.

पहिलं खातं कोणतं घ्यावं असं विचाराल तर मी शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सांगेन. उद्या पिवळा रंग घालून यायचं, शुक्रवारी चार्ट पेपर हवा, सहलीचे पैसे, वार्षिक स्पर्धेची नावं. आईच्या डोक्यातला केवढा तरी भाग तिथे अडकलेला असतो, आणि बाबा ग्रुपात गेले की पहिल्या महिन्यात चार्ट पेपर एकदा तरी रात्री साडेनऊला आणावा लागतो. आणू द्या. खातं देणाऱ्याने मागून आठवण करायची नाही आणि 'मी असते तर' म्हणायचं नाही. पोळ्या थोड्या जाड होतील.

आईवडील, मित्र आणि रजा

गावच्या फोनला वार आणि वेळ द्या. रविवार सकाळ म्हटलं की आई त्या वेळी देवळात जात नाही, फोनपाशी असते. म्हणून चुकणार असेल तर शनिवारीच कळवा. कॅबमधून, एका कानाने मॅप ऐकत केलेला फोन तिला लगेच ओळखू येतो. 'बरी आहेस ना?' विचारलं की 'हो' येतं. गुडघ्याला लावलेलं औषध मानवलं का, पायरीच्या आंब्याला मोहोर आला का, शेजारच्यांचं कोर्टाचं काय झालं, असं विचारलं की अर्धा तास जातो. न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलांनी शनिवारी सकाळी आठ ही वेळ धरावी. इथे उन्हाळ्यात साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा वाजलेले असतात, चहा झालेला असतो आणि मालिका सुरू व्हायच्या असतात.

मित्रांना तीन महिन्यांतून एकदा, तारीख आधी ठरवून भेटा. 'भेटूया कधीतरी' म्हणून कोणी भेटत नाही.

रजांकडे बहुतेक लोक वर्षअखेरीस बघतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात ठरावीक संख्येहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी वर्षाला ८ नैमित्तिक रजा आहेत, आणि न वापरलेल्या पुढच्या वर्षी मिळत नाहीत. व्यवस्थापकीय पदांना हा कायदा लागू नसतो, तिथे कंपनीचे नियम बघा. या आठ रजा तापासाठी राखून ठेवण्याऐवजी तीन-चार तरी जानेवारीतच कालनिर्णयावर मांडून ठेवा. कोकणात गणपतीला जाणाऱ्यांनी तर हिशेब उलटा धरावा. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या बघता बघता भरतात. म्हणजे रजा त्याच्याही आधी मंजूर असायला हवी. प्रतिष्ठापनेच्या आठवडाभर आधी मॅनेजरसमोर उभं राहिलं की रजाही नाही आणि तिकीटही नाही.

आणि तरी मोडलं तर

मोडणारच. नवं सॉफ्टवेअर प्रत्यक्ष सुरू व्हायचा, म्हणजे गो-लाइव्हचा आठवडा येतो, बँकेत मार्चअखेर येते, शाळेत परीक्षांचे पेपर तपासायचे असतात. मार्चअखेर तर दर वर्षी ठरलेल्या वेळी येते, तेव्हा त्या पंधरवड्याचं वेळापत्रक वेगळंच करा आणि ते घरात आधी सांगा.

बाकीच्या वेळी नियम एकच. वेळ रद्द करणारा मेसेज आणि नवी वेळ देणारा मेसेज एकच असला पाहिजे. 'आज कॉल लांबतोय, जेवून घ्या. गोष्ट उद्या सकाळी बसस्टॉपवर, अर्धी उरलेली तिथून पुढे.' नुसतं 'सॉरी, उशीर होतोय' पाठवलं तर समोरच्याला हिशेब लागत नाही. हा मेसेज ठरलेल्या वेळेच्या आधी जायला हवा, वेळ उलटून गेल्यावर नाही. आणि ऑफिसला शिव्या घालत घरी येऊ नका. मुलाला फक्त एवढंच वाटतं की बाबांना घरी यायला आवडत नाही.

एकच ठरलेली वेळ लागोपाठ तीनदा मोडली तर इच्छाशक्तीच्या मागे लागू नका, ती वेळच चुकीची आहे. बुधवारची संध्याकाळ गुरुवारच्या सकाळवर न्या, तासाची वीस मिनिटं करा, आणि रविवारी जुन्या चौकोनावर काट मारून नव्या चौकोनात मुलालाच लिहायला सांगा.